आर्नोच्या काठावर करवीरचे छत्रपती

युरोपच्या प्रवासातून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निधन पावलेले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे अल्प आयुष्य आणि त्यांच्या अंत्यसंस्काराची ही कथा.

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर करवीर राजघराण्यातील पूर्वजांच्या समाध्या आहेत. घराण्यातील पुरुषाचा देह पडला की त्याला नदीकाठी अग्नी द्यायचा आणि त्याच्या स्मृतीसाठी दगडी मंदिर उभारायचे, ही तेथील जुनी रीत. या घराण्यातील एका छत्रपतींच्या नशिबी मात्र पंचगंगेचा काठ नव्हता. त्यांच्या चितेची जागा पाहायची तर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, आर्नो नदीच्या तीरावर जावे लागते. वयाच्या एकविसाव्या वर्षी तेथे देह ठेवणारे हे राजे म्हणजे राजाराम महाराज. कोल्हापूरच्या गादीवर पुढे राजर्षी शाहू महाराजांचे पुत्रही याच नावाने बसले. त्यामुळे नव्या पिढीत अनेकदा या दोघांची गल्लत होते.

राजाराम महाराजांचा जन्म १३ एप्रिल १८५० रोजी पाटणकर घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव नागोजीराव. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब यांचे ते भाचे. बाबासाहेबांना पुत्र नव्हता. ४ ऑगस्ट १८६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांनी नागोजीरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव राजाराम ठेवले. महाराणी ताराबाईंनी ज्या गादीची मुहूर्तमेढ रोवली, तिच्या वारसाला ताराबाईंच्या पतीचे नाव देण्यात आले, हे औचित्य करवीरच्या प्रजेच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसेल.

दत्तविधान ही त्या काळी केवळ घरगुती बाब राहिलेली नव्हती. औरस पुत्र नाही या एका कारणावरून इंग्रजांनी १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा केले होते. त्याआधी पदच्युत केलेले साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८४७ मध्ये काशीला, परमुलखातच वारले होते. कोल्हापूरचेही दिवस फार बरे नव्हते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर संस्थानचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला होता. बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांचा १८५७ च्या उठावाशी संबंध जोडून त्यांना कराचीला नजरकैदेत धाडण्यात आले आणि १८६९ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. १८६२ मध्ये बाबासाहेबांना अधिकार परत मिळाले आणि दत्तक घेण्याची सनदही मिळाली, तेव्हा कुठे गादीवरचे सावट थोडे दूर झाले. नागोजीरावांचे राजाराम होणे शक्य झाले ते या सनदेमुळे.

सोळाव्या वर्षी गादीवर आलेल्या या राजाला प्रत्यक्ष राज्य करायला मिळाले नाही. ते अज्ञान असल्याने कारभार पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली चालत होता. महाराजांच्या शिक्षणाची व्यवस्था मात्र काळजीपूर्वक झाली. ते इंग्रजी शिकले आणि त्या भाषेत रोजनिशी लिहिण्याइतकी गती त्यांना आली. देशी राजपुत्रांना इंग्रजी वळण द्यावे, हे सरकारचे धोरण होतेच. परंतु महाराजांचे कुतूहल केवळ धोरणापोटी निर्माण झालेले नसावे. युरोप पाहण्याची इच्छा तरुण राजाच्या मनात खरोखरच होती, असे त्यांच्या प्रवासातील नोंदींवरून दिसते.

१८७० च्या उन्हाळ्यात महाराज विलायतेला निघाले. आज एखाद्या संस्थानिकाचे विलायतेला जाणे आपल्याला नवलाचे वाटत नाही, कारण पुढच्या पन्नास वर्षांत तो एक प्रघातच पडला. १८७० मध्ये तसे नव्हते. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, अशी समजूत दृढ होती. परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे, पंक्तिव्यवहार बंद होण्याचे भय असे. यानंतर वीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण निघाले आणि टिळक-रानड्यांसारख्या थोरांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. एका कपभर चहाची ही कथा, तर सत्तेवर असलेल्या मराठा छत्रपतींनी सातासमुद्रापार जाण्याचे धाडस किती मोठे होते, याची कल्पना करता येईल. विलायतेचा किनारा पाहणाऱ्या पहिल्या काही सत्ताधीश हिंदू राजांमध्ये त्यांची गणना होते.

कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी त्यांच्याबरोबर होते. बरोबर कोल्हापूरचे सेवकही होते. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. जूनच्या मध्यास मंडळी लंडनला पोहोचली. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंट पाहून झाले, मेजवान्या आणि समारंभ झाले. महाराज रोज थोडेथोडे लिहीत. कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय पाहिले, अशा त्या साध्या नोंदी आहेत. त्यांत मोठे चिंतन शोधणाऱ्याची निराशा होईल. पण एका वीस वर्षांच्या तरुणाचे डोळे विस्मयाने कसे उघडत होते, हे त्यांतून कळते. ही रोजनिशी महाराजांच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये, वेस्ट यांनी संपादित करून लंडनला प्रसिद्ध केली. संपादक इंग्रज अधिकारी होता, ही गोष्ट ती वाचताना विसरून चालत नाही. तरीही मराठी राजाने केलेल्या युरोपच्या प्रवासाचा इतका जुना लेखी पुरावा दुर्मीळ आहे.

परतीचा प्रवास सुरू झाला तेव्हा युरोपची घडी विस्कटलेली होती. जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. फ्रान्समधून खाली उतरण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला. महाराजांचा ताफा बेल्जियम आणि जर्मनीतून आल्प्सच्या दिशेने वळला. हिवाळा तोंडावर आला होता. उष्ण प्रदेशातील माणसाला ती थंडी सोसवेना. वाटेतच महाराजांना सांधेदुखीने ग्रासले. इटलीत उतरेपर्यंत प्रकृती चांगलीच ढासळली होती. नोव्हेंबरच्या अखेरीस ते फ्लॉरेन्सला पोहोचले. पुढे इटलीच्या बंदरातून बोटीने मुंबई गाठायची होती. ती बोट महाराजांना मिळाली नाही. ३० नोव्हेंबर १८७० रोजी आर्नोकाठच्या एका हॉटेलात त्यांचे प्राणोत्क्रमण झाले.

येथून पुढची कथा एका रात्रीची आहे, आणि महाराजांचे नाव आज फ्लॉरेन्समध्ये उरले आहे ते तिच्यामुळे.

राजाचा मृत्यू कोल्हापुरात झाला असता तर काय करायचे, हे सर्वांना ठाऊक होते. वाड्यातून निघणारी यात्रा, रस्त्यांवर लोटलेली प्रजा, बंद बाजारपेठ, नदीकाठची चंदनाची चिता, मागाहून सुतक आणि दानधर्म. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा क्रम कोणी कोणाला सांगावा लागत नसे. फ्लॉरेन्सच्या हॉटेलातील मूठभर कोल्हापूरकरांपुढे मात्र पहिलाच प्रश्न असा होता, की येथे दहन करू देतील काय? इटली हा कॅथॉलिक देश. मृतदेह पुरायचा, एवढेच तेथील रीतीला आणि कायद्याला माहीत होते. अर्धशतकापूर्वी, १८२२ मध्ये, व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर इंग्रज कवी शेली याच्या समुद्रातून वाहून आलेल्या देहाला अग्नी देण्यात आला होता. परंतु तो साथीच्या भीतीपोटी घातलेल्या आरोग्यविषयक निर्बंधांचा परिणाम होता. त्यात धर्मविधीचा काही संबंध नव्हता.

यापूर्वी युरोपात मरण पावलेल्या नामांकित हिंदूंचे काय झाले होते, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले. त्यांचे दफन करावे लागले. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला वारले. तेही तेथील दफनभूमीतच विसावले. बंगालमधील या दोन थोर पुरुषांना जे लाभले नाही, ते कोल्हापूरच्या छत्रपतींना लाभावे, असा आग्रह त्यांच्या माणसांनी धरला. हाताशी वेळ काही तासांचा होता.

एक गोष्ट अनुकूल होती. फ्लॉरेन्स हे तेव्हा इटलीच्या राजधानीचे शहर होते. १८६५ पासून राजधानी तेथे होती. इटलीच्या सैन्याने सप्टेंबर १८७० मध्ये रोम घेतले असले तरी सरकार अजून तेथे हलले नव्हते. मंत्रालये, परराष्ट्रांच्या वकिलाती, सारे एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर होते. ब्रिटिश वकिलातीमार्फत सरकारकडे शब्द टाकण्यात आला आणि परवानगी मिळाली. महिनाभर कागद फिरत राहिले असते अशा कामाचा निकाल एका दिवसात लागला. मृत व्यक्ती राजा होती आणि शिवाय ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखालची होती, याचा त्यात मोठा वाटा असणार. सामान्य हिंदू प्रवाशासाठी इटलीचे सरकार इतके तत्पर झाले असते असे मानण्याचे कारण नाही.

जागा निवडली गेली ती शहराच्या पश्चिमेला. आर्नोच्या उजव्या काठाने सुमारे तीन किलोमीटर पसरलेले काशीने नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. दहनासाठी नदीकाठ हवा आणि शक्य तर संगम हवा, ही हिंदू मनाची इच्छा. कोल्हापूरची पंचगंगा स्वतःच प्रवाहांच्या संगमातून झालेली. प्रयाग चिखलीचा संगम तेथील लोकांना काशीइतका पवित्र. परमुलखात या माणसांनी दोन अनोळखी नद्या शोधल्या आणि त्यांचा संगम आपला मानला. त्या उद्यानाच्या नावाचा उच्चार आपल्या काशीशी जुळावा, हा निव्वळ योगायोग. इटालियन भाषेत त्या नावाचा संबंध गाईगुरांच्या गोठ्यांशी आहे.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर यांच्यामधल्या रात्री महाराजांचा देह हॉटेलातून तेथे नेण्यात आला. आपल्याकडे सूर्यास्तानंतर अग्नी देणे सहसा टाळतात. येथे मात्र रात्रच सोयीची ठरली, कारण दिवसा लोकांची गर्दी आवरणे अवघड झाले असते. तरी व्हायचे ते झालेच. बातमी शहरभर पसरली होती आणि डिसेंबरच्या थंडीत फ्लॉरेन्सचे लोक मोठ्या संख्येने नदीकाठी जमले. त्यांतील बहुतेकांना कोल्हापूर कोठे आहे हे ठाऊक नव्हते. त्यांनी असा विधी कधी पाहिलेला नव्हता. भरजरी पोशाखातील तरुण राजाचा देह लाकडांच्या राशीवर ठेवलेला, तूप, कापूर, चंदन, पलीकडे काळोखात वाहणारे पाणी आणि अनोळखी भाषेतील मंत्र. लोक आले ते कुतूहलाने, हे उघड आहे. पण छत्रपतींच्या अंत्यविधीला प्रजेची उपस्थिती असावी लागते, आणि त्या रात्री तेथे जी काही प्रजा होती ती हीच होती. पहाटे चिता निवली. अस्थींचा काही भाग गंगेत विसर्जनासाठी हिंदुस्थानात न्यायचा म्हणून पात्रात भरून घेण्यात आला. उरलेली रक्षा आर्नोच्या पाण्यात सोडण्यात आली.

या घटनेचे आणखी एक महत्त्व आहे. मृतांचे दहन करावे, असा विचार त्या सुमारास इटलीतील काही शास्त्रज्ञ आणि सुधारक मांडू लागले होते. तो विचार प्रत्यक्षात यायला आणखी काही वर्षे लागली. मिलान येथे पहिले आधुनिक दहन झाले ते जानेवारी १८७६ मध्ये. इंग्लंडमध्ये वोकिंग येथे १८८५ उजाडले. कॅथॉलिक चर्चने तर १८८६ मध्ये दहनावर स्पष्ट बंदी घातली आणि ती १९६३ मध्ये उठवली. अशा देशाच्या राजधानीत १८७० मध्ये सरकारी संमतीने चिता पेटली होती. युरोपातील दहनाच्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांना म्हणूनच या कोल्हापूरकर राजाची दखल घ्यावी लागते.

इकडे कोल्हापुरात दुःखाला दुसरी एक धार होती. मुंबई आणि लंडन यांना जोडणारी समुद्राखालची तार १८७० च्या जूनमध्येच सुरू झाली होती. युरोपातली वार्ता हिंदुस्थानात पोहोचायला आता बोटीची वाट पाहावी लागत नव्हती. पण वार्ता वेगाने आली तरी देह येणार नव्हता. राजाचे अंत्यदर्शन नाही, यात्रा नाही, घाटावर चिता नाही. सुमारे दीड वर्षात घराण्यातील दोन पुरुष परमुलखात गेले होते. दत्तक नात्याने काका लागणारे चिमासाहेब सरकारचे कैदी म्हणून कराचीत, तर राजाराम महाराज सरकारचे पाहुणे म्हणून फ्लॉरेन्समध्ये. शोक करायला दोन्ही वेळा प्रजेच्या हाती काहीच उरले नाही.

त्यात गादीला पुन्हा वारस नव्हता. राजा गेल्यावर नव्या राजाच्या नावाची द्वाही फिरवायची, हा शोकविधीचाच एक भाग असतो. दरबाराचे दुःख तेथे संपते. कोल्हापूरला त्यासाठी जवळजवळ अकरा महिने थांबावे लागले. दत्तकाची सनद असल्याने साताऱ्यासारखा प्रसंग आला नाही, पण निवड आणि सरकारची मंजुरी यांत काळ गेला. ऑक्टोबर १८७१ मध्ये भोसले घराण्याच्या एका शाखेतील आठ वर्षांच्या नारायणरावांना दत्तक घेऊन त्यांचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. हेच दुर्दैवी चौथे शिवाजी महाराज.

त्यांची कथा महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. मोठे होता होता त्यांच्यावर वेडाचा शिक्का बसला. त्यांचा छळ होत असल्याचे आरोप झाले आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका करणारा मजकूर केसरी आणि मराठा या पत्रांत आला. त्यावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर शिवाजी महाराजांचा मृत्यू झाला. मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. फ्लॉरेन्सच्या त्या एका मृत्यूने कोल्हापूरला पुन्हा अज्ञान राजा आणि परक्यांचा कारभार यांच्या हवाली केले, ते थेट १८९४ मध्ये शाहू महाराजांनी सूत्रे हाती घेईपर्यंत. राजाराम महाराज जगते तर कसे राज्य करते, हे कोणी सांगू शकत नाही. मात्र इंग्रजी शिकलेला, जग पाहिलेला, विशीतला राजा गादीवर बसण्याची संधी कोल्हापूरने तेव्हा गमावली, एवढे निश्चित.

कोल्हापूरने त्यांचे नाव जपले ते शिक्षणाच्या रूपाने. १८८० मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला राजाराम कॉलेज हे नाव देण्यात आले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखे विद्यार्थी त्या कॉलेजात शिकून गेले. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक घरांत पहिला पदवीधर तयार झाला तो तेथेच.

फ्लॉरेन्समध्ये चितेच्या जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. त्यावरील भारतीय घाटाच्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हेच मँट पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे वास्तुविशारद झाले. डोक्यावर पागोटे, अंगावर राजवेष आणि चेहऱ्यावर जेमतेम मिसरूड फुटलेल्या तरुणाचा भाव, असा हा पुतळा आहे. भोवती चौथऱ्यावर एकाहून अधिक भाषांत लेख कोरलेले आहेत. हयातीत ज्या राजाला आपल्या मुलखात हुकूम चालवता आला नाही, त्याच्या स्मृतीवर छत्र धरले गेले ते परमुलखात.

फ्लॉरेन्सच्या लोकांना राजाराम महाराजांचे नाव उच्चारायला कठीण गेले असावे. त्यांनी त्या जागेला सरळ इंदियानो, म्हणजे हिंदी माणूस, असे म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले. १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर तारांनी तोललेला आधुनिक पूल बांधण्यात आला. १९७८ मध्ये तो पूर्ण झाला. त्याचे नाव पाँते आल् इंदियानो. शहराच्या पश्चिमेकडील वाहनांची वर्दळ आज या पुलावरून जाते आणि काशीने उद्यानाच्या टोकाला, दोन नद्यांच्या संगमावर, झाडांच्या आड छत्रीखालचा तो पुतळा उभा आहे.